तिशी उलटली तरी आईवडिलांच्या घरी आणि अनुभव काहीच नाही: पुरुषाची चेष्टा, स्त्रीचे कौतुक, असे का?

प्रश्न (ठाणेकर)

माझे वय 32 आहे. उमेदीची वर्षे स्पर्धा परीक्षांत गेली, नोकरी उशिरा लागली आणि मी अजून आईवडिलांकडेच राहतो. डबा आई भरते, वीजबिल बाबा भरतात. शरीरसंबंधाचा अनुभव मला नाही, आणि मित्रांच्या कट्ट्यावर त्यावरून चेष्टा होते. माझ्याच वयाच्या अविवाहित मावसबहिणीला मात्र त्याच गोष्टीसाठी ‘वळणाची मुलगी’ म्हणून नावाजले जाते. हा फरक कशामुळे पडतो? सध्या स्थळे पाहणे चालू आहे, तर भावी पत्नीला हे सांगावे का?

प्रतिसाद 1 (मधुमालती)

तुमच्या मावसबहिणीला एकदा विचारून पाहा, कारण ते कौतुक फार दिवस टिकत नाही. तिशीनंतर ‘अजून कसे जमले नाही’ अशी कुजबुज सुरू होते आणि नोकरीनिमित्त एकटीने भाड्याच्या घरात राहायचे म्हटले, तर घरमालकापासून आत्यापर्यंत सगळ्यांना तिच्या चारित्र्याची काळजी वाटू लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्या शरीरसंबंधाचे मध्यक वय (म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या जणांना हा अनुभव आलेला असतो) स्त्रियांमध्ये सुमारे 19, तर पुरुषांमध्ये 24 ते 25 वर्षे दिसते. पण याचा अर्थ स्त्रिया अधिक मोकळ्या आहेत असा होत नाही, तर त्यांची लग्ने लवकर, आणि बहुधा वयाने मोठ्या पुरुषांशी, लावली जातात एवढाच होतो. मुलगी घर लवकर सोडते खरी, पण माहेरच्या देखरेखीतून ती सासरच्या देखरेखीत जाते. याला स्वावलंबन म्हणणे मला तरी पटत नाही.

कट्ट्यावरच्या गप्पांतली निम्मीअधिक प्रकरणे काल्पनिक असतात, हेही जाता जाता नमूद करते. जपानच्या 2015 च्या राष्ट्रीय पाहणीत 18 ते 34 वयाच्या अविवाहितांपैकी 42 टक्के पुरुषांना आणि 44 टक्के स्त्रियांना असा अनुभव नव्हता, म्हणजे तिथे दोघांत जवळजवळ फरकच नाही.

प्रतिसाद 2 (बांधावरून)

गावाकडे हा प्रश्न निराळाच आहे. पस्तिशीतले शेतकरी मुलगे बिनलग्नाचे आहेत, कारण मुलीच्या बापाला नोकरीवाला जावई हवा असतो. आणि मुळात मुलीच कमी आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, बीड जिल्ह्यात तर 807 च. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा लोक हसले. ज्या घरांनी गर्भातच मुली नाकारल्या, त्यांचेच मुलगे आज नवरी शोधत आहेत, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. शेती वडिलांच्या नावावर, व्यवहार वडिलांच्या हाती. अशा मुलाने स्वतंत्र व्हायचे तरी कशाच्या बळावर?

प्रतिसाद 3 (वैद्यकीय व्यावसायिक)

अनुभव नसणे हा आजार नव्हे. अज्ञानामुळे मात्र खरोखर नुकसान होते. लग्नाला वर्ष उलटले तरी संबंध झालेला नाही, अशी जोडपी आमच्याकडे येतात. बहुतेक वेळा सासूबाई ‘मूल का होत नाही’ म्हणून सुनेला एकटीलाच घेऊन येतात. तपासणीत कधी भीतीने योनीमार्गाचे स्नायू आपोआप आखडत असल्याचे आढळते, तर कधी नवऱ्याला आपण कमी पडू या धास्तीने ताठरता येत नसते. आणि तो एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची ‘गुप्तरोग’वाली जाहिरात वाचून भलत्याच ठिकाणी पैसे घालवून आलेला असतो. या दोन्ही तक्रारींवर चांगले उपचार आहेत. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या अशाच शंकांना उत्तरे दिली, त्याबद्दल त्यांच्यावर खटले भरले गेले. शंभर वर्षांनंतरही शंका बऱ्याचशा त्याच आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: कांदेपोह्यांच्या बैठकीत हा विषय काढण्याचे कारण नाही. पसंती होऊन दोघे मोकळेपणी बोलू लागल्यावर अवश्य सांगा आणि तिचेही ऐकून घ्या, मात्र तिच्या पूर्वायुष्याची उलटतपासणी करू नका. पहिल्या रात्रीच काही घडायला हवे असा नियम नाही, हेही दोघांनी आधीच ठरवून ठेवावे.

ठाणेकर

सर्वांचा आभारी आहे. मावसबहिणीशी फोनवर बोललो. घरमालकांची गोष्ट तिने जवळजवळ याच शब्दांत सांगितली. वीजबिल या महिन्यापासून मी भरणार आहे. बाबांना ते अजून सांगायचे आहे.