केशरी छत्री, खाली पडदे मेणासारखे: हायग्रोफोरस का ही?

सड्यावरचा_बंड्या:
मंडळी, गणपतीच्या आधी गावी आलोय, संगमेश्वरजवळ. काल देवळामागच्या राईत पाचोळ्यात बोटभर उंचीच्या केशरी-लाल छत्र्या दिसल्या, टोक निमुळतं, पावसाने नुसत्या चकचकत होत्या. उलटून बघितलं तर पडदे जाड, लांब लांब, आणि बोटाला मेणबत्ती चोळल्यासारखे लागतात. गूगल लेन्स म्हणतं हायग्रोफोरस, आणि नेटवर वाचलं की त्यातल्या बऱ्याच खातात. आई म्हणते कुत्र्याच्या छत्र्या त्या, आधी बाहेर टाक. खाऊन बघू का?

रानभूल:
आईचं ऐक रे बाबा.
आणि लेन्सचं मनावर नको घेऊस, त्याला मेणचट पडदे दिसले की तो हेच नाव देतो. हायग्रोफोरस म्हणजे ओलावा वाहणारा, १८३६ साली फ्रीस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने ठेवलेलं नाव. पण ही मंडळी झाडाच्या मुळांशी भागीदारी करून जगतात, झाडाने साखर द्यायची, यांनी पाणी आणि क्षार, आणि झाडं कुठली तर ओक, बीच, पाइन अशी थंडीतली. एबर्नियस म्हणून एक पांढरीशुभ्र असते, बुळबुळीत एवढी की हातात धरवत नाही, ती बीचखाली. हायपोथेजस तर पाइनखाली, ती पण पहिलं हिंव पडल्यावर. आता आपल्या ऐन-किंजळाच्या राईत हिंव कुठून आणणार?
तुझी बहुतेक हायग्रोसायबी, त्याच कुळातली पण भडक रंगांची, आणि तिला ओक-पाइनची गरज नसते. एक दांडा चिमटून ठेव, काळा पडतो का बघ.

मालवणी_मामी:
आमच्याकडे वारुळावरची अळंबी तेवढी खातात, बाकी कशाला हात लावायचा नाही. ती ओढली की दांडा खाली मुळासारखा लांबच लांब जातो, पार वाळवीच्या घरापर्यंत. तुझ्या दांड्याला तसलं काही होतं का? नसेल तर विषय संपला.

सड्यावरचा_बंड्या:
नाही मामी, दांडा सहज उपटून आला, पोकळ होता. आणि रानभूलदादा, काल रात्री एक छत्री काळ्या कागदावर पेला पालथा घालून ठेवली होती, सकाळी बीजाणूंची पांढरी भुकटी पडलेली. चिमटलेला दांडा तर कोळशासारखा झालाय!

रानभूल:
मग हायग्रोसायबीतली कोनिका नावाची जात, किंवा तिची जवळची बहीण. पांढरी भुकटी दोघींचीही, हायग्रोफोरसची पण पांढरीच, म्हणजे नुसत्या भुकटीवर काही ठरत नाही, पण काळं पडणं हे कोनिकाच्या घराण्याचं. खायच्या भानगडीत पडू नकोस, लोकांना त्रास झालेला आहे. फोटो मात्र टाक, खालच्या बाजूचाही, आणि राईतल्या बाकीच्यांना राहू दे तिथेच.

मालवणी_मामी:
आणि तो पेला नीट घासून ठेव, आईला कळायच्या आत.