मदत हवी आहे: फ्युएल पंप नवा बसवला, तरी आरएस घाटात मान टाकते

लालआरएस

मंडळी, नमस्कार. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००४ची, १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएस. रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमधला बदल) वगैरे काही केलेलं नाही. माझ्याकडे नऊ वर्षं आहे, रनिंग १ लाख ३८ हजार. रोजची गाडी नाही. रविवारी पहाटे वाई नाहीतर ताम्हिणी, एरवी कव्हराखाली.

गेल्या महिन्यात पुण्याहून वाईला जाताना खंबाटकीच्या चढावर दोनदा अडखळली आणि बंदच पडली. स्टार्टर जोरात फिरतोय, इंजिन काही पकडत नाही. चावी फिरवली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घरघर यायची, तीही गायब. फ्यूज शाबूत. मागून आलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर उतरला, चाकाच्या पान्याला फडकं गुंडाळलं, गाडीखाली सरकला आणि टाकीच्या बुडाला तीन दणके दिले. "मारा आता सेल्फ." पहिल्याच सेल्फला चालू! चहाला थांबा म्हटलं तर थांबलाही नाही.

म्हणजे पंप गेला हे नक्की. ओळखीच्या गॅरेजमध्ये पंप बदलून घेतला, मी शेजारीच उभा होतो. मागची सीट उचलून, झाकणाचे स्क्रू काढून, प्लास्टिकची मोठी रिंग सोडवून अख्खं मॉड्यूल वर काढलं. दोन तासांत काम झालं. गावात गाडी मख्खन.

पण परत घाटात गेलो, आणि तिसऱ्या गिअरला पूर्ण रेस दिली की ३५०० आरपीएमच्या पुढे जातच नाही. मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. इंजिनचा दिवा लागला, कोड पी०१७१, मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. गॅरेजमध्ये रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) गेज लावून बघितलं, आयडलला २.५ बार. "पंप ओके आहे साहेब, टर्बो गेलाय," असं म्हणून टर्बोचा जो आकडा सांगितला तो इथे लिहीत नाही, घरचेही कधीकधी धागा वाचतात.

खरंच टर्बो असेल का? की पंपच कमी पडतोय? एक मित्र म्हणतो, ताशी २५५ लिटरचा वॉल्ब्रो कंपनीचा पंप टाक, कटकट मिटेल. शिवाय टाकी फुल केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो, आधी येत नव्हता. जाणकारांनी मार्ग दाखवावा.


नानापेठी

वासाचं आधी घ्या, बाकी नंतर. रिंगखाली रबरी सील असतं, ते जुनंच परत बसवलंय. एकदा पेट्रोलमध्ये फुगलेलं रबर त्याच खोबणीत पुन्हा नीट बसत नाही, कुठेतरी चिमटतं. नवं आणा, बोटाने थोडं पेट्रोल लावून बसवा, मग रिंग आवळा. तोवर टाकी फुल करू नका, आणि त्या गाडीत कुणाला सिगारेट पेटवू देऊ नका, सासरेबुवांनाही.


कृष्णाकाठ

ई२०चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलचा प्रताप! जुन्या गाड्यांना हे पेट्रोल सोसत नाही. रबर खातं, पंप खातं. माझं तर मत आहे...


मिलीव्होल्ट

कृष्णाकाठ, ई२०वर वेगळा धागा आहे, तिथे आपण भांडू. इथे त्याचा संबंध आहे, पण तुम्ही म्हणता तसा नाही. साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. धडधाकट पंपाला ते जाणवतही नाही, काठावर असलेला पंप मात्र तिथे उघडा पडतो.

लालआरएस, टर्बोवाल्याला अजून फोन करू नका. टर्बो गेला असता तर हवा कमी आली असती. तुमचा कोड म्हणतोय की हवा मुबलक आहे, पेट्रोल पुरत नाही. इंटरकूलरची नळी फाटली म्हणावं, तर मोजून आत घेतलेली हवा बाहेर सांडते आणि बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबत असताना) मिश्रण उलट रिच होतं, पेट्रोल जास्त.

आता ते २.५ बार. आयडलला प्रेशर बघून या गाडीचा पंप पास करणं म्हणजे बसलेल्या माणसाची नाडी बघून त्याला सिंहगड चढायला पाठवणं. रेलवरच्या प्रेशर रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा जाते त्या भागाची) नळी जोडलेली असते. आयडलला व्हॅक्यूम असतो म्हणून २.५ दिसतं, ती नळी काढली की ३ व्हायला हवं. बूस्टमध्ये ०.६ बार हवा इंजेक्टरच्या तोंडावर दाबत असते, तेव्हा रेललाही ३.६ लागतं, नाहीतर पेट्रोल कमी पडणार. आणि आयडलला इंजिन जेमतेम लिटर-सव्वा लिटर पेट्रोल पितं ताशी, बाकी सगळं रिटर्नने टाकीत परत. अर्धमेला पंपसुद्धा एवढं करतो.

तर प्रेशर नको, माप घ्या. पंपाचा रिले काढून तिथे फ्यूज असलेली वायर जोडा म्हणजे इंजिन बंद असताना पंप चालेल. रिटर्नची नळी (निळी ती रिटर्नची, काळी सप्लायची) सोडवून मापाच्या कॅनमध्ये धरा, बरोबर ३० सेकंद. अंगणात करा, गॅरेजच्या खड्ड्यावर नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

दुसरं, मल्टीमीटर घेऊन पंपाच्या प्लगवर, प्लग *जोडलेला असताना*, इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजा. प्लग काढून मोजलंत तर काही उपयोग नाही, करंट वाहत नसेल तर कुजकी वायरही १२ व्होल्ट दाखवते.

हे होईपर्यंत घाट बंद. बूस्टमध्ये लीन चालवलेल्या इंजिनचे पिस्टन मी हातात घेऊन पाहिलेत, कडा मेणासारख्या ओघळलेल्या असतात.


स्पॅनर_१३

मित्राच्या २५५ लिटरवर माझे दोन पैसे. ढोबळ हिशेब करा. १५० पीएसच्या टर्बोला पूर्ण रेसमध्ये ताशी ५० लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, ई२० धरून ५५. उद्या रीमॅप करून १९० काढलेत तरी ७०. पाचपट पंप टाकून करणार काय? जास्तीचं सगळं त्या बारीक रिटर्न लाइनमधून परत जायला बघतं, ते जमलं नाही की आयडललाच रेलचं प्रेशर चढतं. वर तो पंप करंटही जास्त ओढतो, वायर मात्र तीच २००४ची.


लालआरएस

मिलीव्होल्ट, दंडवत. रविवारी पहाटेऐवजी दुपारी अंगणात बसलो, पोरगा स्टॉपवॉच धरून.

माप: ३० सेकंदांत ४८० मिली. तीनदा केलं, थोडंफार इकडेतिकडे.

व्होल्टेज, इंजिन चालू असताना: बॅटरीवर १३.९, पंपाच्या दोन जाड पिनांमध्ये १०.८. हे बरोबर आहे का?


मिलीव्होल्ट

४८० मिली म्हणजे ताशी ५७-५८ लिटर, तेही ३ बारला, इंजिन थंड असताना. बूस्टमध्ये ३.६ला ते आणखी खाली येणार. तुमच्या गाडीला हवेत ५५. ३५००ला गाडी का थबकते त्याचं उत्तर मिळालं. आणि १३.९मधले ३.१ व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. डीसी मोटर आहे, व्होल्टेज उतरलं की फेरे उतरतात, फेरे उतरले की माप.

आता चोर शोधा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी प्लगमधल्या जाड तपकिरी वायरला, पाठीमागून सुई खुपसून. ही झाली अर्थची बाजू. मग बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि प्लगची दुसरी जाड पिन. दोन्ही आकडे इथे टाका.


लालआरएस

अर्थ २.३, पॉझिटिव्ह ०.८.

आकडे टाकण्याआधीच प्लग काढून बघितला आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. चार पिनांचा प्लग. पेट्रोलच्या काट्याच्या दोन बारीक पिना चकचकीत. तपकिरी वायरची पिन चहाच्या गाळणीच्या रंगाची, तिच्याभोवतीचं प्लास्टिक फुगून एका बाजूला कललेलं, आणि वायरचं आवरण बोटभर लांबीपर्यंत कडक झालेलं, वाकवलं की कटकन तुटतं. पंप बदलताना हाच प्लग माझ्या डोळ्यांसमोर काढला होता आणि डोळ्यांसमोर परत लावला होता.

पण मग जुना पंप मेला तो खोटा का? दणके दिल्यावर चालू झाला होता ना?


मिलीव्होल्ट

नाही, तो खराच मेला. पण मरताना प्लग जाळून गेला. ब्रश झिजले, आतून आवळत चालला की पंप करंट जास्त ओढतो. फ्यूज १५ अँपिअरचा, तो उडण्याइतका नाही, पण वीस वर्षांची पिन भाजायला पुरेसा. एकदा भाजली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, मग साध्या करंटलाही ती तापत राहते. तुमच्याच आकड्यांनी बघा, २.३ व्होल्ट, पंपाचा करंट साधारण ६ अँपिअर धरा, म्हणजे १४ वॉट. एवढी उष्णता त्या पावट्याएवढ्या प्लगात, बरोबर सीटखाली.

आणि रिझर्व्हवर चालवायची सवय आहे का? खरं सांगा. टाकीतल्या पंपाला थंड ठेवायला आजूबाजूचं पेट्रोलच असतं.


लालआरएस

आहे. ५५ लिटरच्या टाकीत मी दहाच्या वर फारसं ठेवत नाही. महिन्यात दोनदा चालणाऱ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं, असं माझं लॉजिक होतं. :-(


नानापेठी

प्लग नाना पेठेत नुसता मिळणार नाही, मिळालाच तर पिना हलक्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारातल्या गाडीचा वायरसकट कापून घ्या, वीतभर वायर ठेवायला सांगा. त्याच प्लॅटफॉर्मच्या फोक्सवॅगनचा चालतो. जोड क्रिंप करा (पकडीने दाबून), टाकीच्या तोंडाशी सोल्डरिंगचं खूळ काढू नका.


लालआरएस

अंतिम अपडेट, उशिराबद्दल माफी.

कुर्ल्याहून प्लग आणला. पिना बघून घेतल्या, तिसरा पसंत पडला. सीटखालीच क्रिंप करून वर हीटश्रिंक घातलं. अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथेही हिरवट गंज होता, पॉलिश पेपरने घासून साफ केला. पॉझिटिव्ह बाजूचे ०.८ रिलेच्या पायांमधले निघाले, रिले नवा टाकला. गाडीखालचा फिल्टरही बदलला, आतून निघालेलं पेट्रोल कडक कॉफीसारखं होतं.

आता पंपावर १३.४ व्होल्ट. ३० सेकंदांत ८९० मिली. पोराला वाटलं मीच घाईत कॅन हलवला, म्हणून त्याने स्वतः परत घेतलं, ८८०.

काल खंबाटकी. तिसरा गिअर, पूर्ण रेस, काटा ६०००पर्यंत सरळ. कोड परत आलेला नाही. टर्बो होता तिथेच आहे आणि शिट्टी वाजवतोय.

सीलही नवं बसवलं, वास गेला. फक्त एक भानगड उरलीय: टाकी फुल केली तरी काटा पाऊण टाकीच्या वर जात नाही.


नानापेठी

मॉड्यूलच्या झाकणावर बाण आहे, तो टाकीवरच्या खुणेसमोर आला पाहिजे. थोडा फिरला असणार, मग आत तरंग्याचा दांडा टाकीच्या भिंतीला अडतो. सीट परत उचला. आणि दांडा आत घालताना तिरका करून घाला, वाकला तर काटा मरेपर्यंत खोटं बोलेल.


लालआरएस

बघितलं. बाण बोटभर डावीकडे होता. फिरवून बसवला, काटा फुलवर.