मेअखेरीस मॅमथला स्की: बर्फाचा भरवसा नाही, बेत कसा आखावा?

फ्रीमाँटकर
मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) लाँग वीकेंडला कॅलिफोर्नियातल्या मॅमथ स्की रिसॉर्टचा विचार आहे. आम्ही दोघं, मुलगी १० वर्षांची (ग्रीन म्हणजे सोप्या उतरणी सहज, ब्लू म्हणजे मध्यम जपून), मुलगा ६ (पाटी कोरी) आणि पुण्याहून आलेले आईबाबा, जे स्की करणार नाहीत. आत्ता एप्रिलच्या मध्याला बर्फाची खोली भरपूर दिसते, पण तिच्यावर विसंबून मेअखेरचं बुकिंग करावं का? की आमच्या फ्रीमाँटहून लेक टाहो जवळ आहे तर तिकडेच जावं? आधी काय घ्यायचं आणि काय शेवटपर्यंत लांबवायचं?

उतरणकर
खोलीचा आकडा बाजूला ठेवा. तो एका खांबावरचा असतो, त्यावरून कुठली उतरण उघडी आहे ते कळत नाही. सिएरा नेवाडा डोंगररांगेचा लहरीपणा किती, तर १ एप्रिल २०१५ ला बर्फसाठा सरासरीच्या ५ टक्के होता, आणि २०२२-२३ च्या मोसमात मॅमथच्या मेन लॉजला ७१५ इंच बर्फ पडून लिफ्ट ६ ऑगस्टपर्यंत चालल्या. मागच्या वर्षीच्या अनुभवावर यंदाचा बेत आखू नये.

तुमची खरी अडचण सहा वर्षांच्या मुलाची आहे. मॅमथचा माथा ११,०५३ फुटांवर आहे, बहुतेक उतरणी उत्तरेकडे तोंड करून आहेत, म्हणून वर बर्फ टिकतो. पण शिकाऊंची सपाट जागा खाली, सुमारे ९,००० फुटांवर मेन लॉजपाशी (चेअर ११ ही तिथली लिफ्ट). आधी वितळतो तो तिथलाच. माथ्यावर दहा फूट बर्फ असला तरी नवशिक्याला त्याचा उपयोग शून्य, कारण वरून उतरायला सगळ्यात सोपा रन म्हणजे रोड रनर, आणि तोही ब्लू. तेव्हा रिसॉर्टला फोन करून एवढंच विचारा: त्या आठवड्यात चेअर ११ चालू ठेवणार का, आणि मुलांचे क्लास आहेत का? 'हवामानावर अवलंबून' असं उत्तर आलं तर मुलासाठी दुसरा कार्यक्रम हाताशी ठेवा.

टाहोप्रेमी
एवढ्या लांब कशाला? टाहोचं पॅलिसेड्स रिसॉर्ट साडेतीन-चार तासांवर आहे. पायथा ६,२०० फुटांवर, तिथे मेअखेरीस माती दिसली तरी लिफ्टने ८,२०० फुटांवर जायचं, शिकाऊंची जागा वरच आहे. उतरतानाही लिफ्टनेच यायचं.

उतरणकर
मुद्दा रास्त आहे. फक्त मेमध्ये ते आठवड्यातले काही दिवसच चालवतात, त्यामुळे वार आणि शेवटची तारीख दोन्ही बघा. आणि ८,२०० ते ९,००० फूट हा फरक किरकोळ वाटला तरी रात्री गोठण्याच्या दृष्टीने मोठा आहे. हलक्या वर्षी मॅमथ, भरघोस वर्षी पॅलिसेड्स, असा माझा कौल.

हवामानवेडा
वरच्या चर्चेत रात्रीच्या गोठण्याचा उल्लेख आलाच आहे, सगळी मेख तिथेच आहे. वसंतातला चांगला बर्फ म्हणजे कॉर्न: रात्री घट्ट गोठतो, सकाळच्या उन्हात वरचा इंचभर थर सुटतो, दाणे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मोकळे होतात. रात्री गोठलाच नाही तर सकाळपासून लगदा, स्की रुतते आणि गुडघ्याला पीळ बसतो.

अंदाज नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशावर बघा, पण क्लिक डोंगरावर करा, गावावर नको. गाव हजार-बाराशे फूट खाली आहे आणि तिथलं किमान तापमान फसवतं. ३२ फॅरनहाइटच्या खाली चार-पाच तास हवेत. आकाश निरभ्र असेल तर हवा ३५-३६ असली तरी बर्फाचा पृष्ठभाग उष्णता वर फेकून गोठतो. उलट ढगाळ रात्री ३१ दाखवलं तरी नीट गोठत नाही. म्हणून तापमानाइतकंच ढगांकडे बघा. तिसरी गोष्ट वारा. मॅमथचा माथा वाऱ्यासाठी बदनाम आहे. वारा वाढला की वरची गोंडोला (बंद डब्यांची लिफ्ट) बंद, सगळी गर्दी खालच्या दोन-तीन लिफ्टवर. शिवाय थंड वाऱ्यात बर्फ दुपारपर्यंत सुटतच नाही.

दिवसाचा क्रम उन्हामागे जाणारा ठेवा. लिफ्ट सुरू होताच उतरण काचेसारखी असते, मुलांना तेव्हा नेऊ नका, घाबरली की दिवस गेला. साडेनऊच्या सुमाराला पूर्वेकडच्या उतरणी, मग हळूहळू उत्तरेकडच्या. साडेबारा-एकला मुलांचं आवरतं घ्यायचं. 'शेवटचा एक' मागतात तेव्हाच पाय थकलेले असतात आणि बर्फही जड झालेला असतो.

दुकानातला_दादा
सामानाबद्दल. ओला बर्फ स्कीच्या तळाला चिकटतो. सावलीतून उन्हात येताच स्की अचानक अडते आणि मूल तोंडावर पडतं. भाड्याने घेताना गरम हवामानाचा वॅक्स लावून मागा, आणि मुलीला सांगा की सावली-ऊन बदलताना एक पाय किंचित पुढे ठेवायचा. परागकण आणि पाइनचा चीक यांनीही तळ चिकट होतो, रोज संध्याकाळी पुसून घ्या.

मेमध्ये दगड वर आलेले असतात. तळाला खोल चर पडली की दुकान पैसे लावतं, म्हणून नुकसानीचं संरक्षण घ्या, या मोसमात ते वसूल होतं. गावातली काही दुकानं तोवर वेळ कमी करतात, आधी फोन करा. मुलाची स्की हनुवटीपर्यंत पुरे. बायंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) वजन-उंची खरी सांगून दुकानातच लावून घ्या, घरी स्क्रू फिरवू नका. बुटात एकच पातळ मोजा. दोन घातले की पाय जास्त गार पडतो, कारण रक्त दबतं.

जीन्स आणि सुती बनियन अजिबात नको. पाणी न शिरणारी पँट, पातळ जॅकेट, हातमोज्यांचे दोन जोड. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा, ऊन खालूनही परावर्तित होतं.

फ्रीमाँटकर
फार उपयोगी. गूगल आत्ता हायवे १०८ वरून, सोनोरा पासमार्गे नेतोय. चालेल का? आणि आईबाबांना उंचीचा त्रास होईल का? वडिलांना बीपी आहे.

घाटवाट
मेअखेरीस टायोगा पास (१२०) आणि सोनोरा पास (१०८) उघडले असतील असं धरूच नका, टायोगा बऱ्याचदा जूनमध्ये उघडतो. वर्षभर चालू असतो तो ८८ चा कार्सन पास: स्टॉकटन, जॅक्सन, मग मिंडेनपाशी हायवे ३९५ ला लागून दक्षिणेकडे. फ्रीमाँटहून साडेसहा-सात तास धरा, मुलांच्या थांब्यांसकट आठ. ३९५ स्वतः कॉनवे समिटला ८,१०० फुटांवर चढतो, तिथे मेमध्येही वादळ आलं तर बर्फ पडतो. निघायच्या सकाळी कॅल्ट्रान्सचं (राज्याचं रस्ते खातं) क्विकमॅप बघा.

उंचीचं म्हणाल तर गाव ७,८०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. माथा दुप्पट. पहिला दिवस फक्त गाडी आणि जेवण, दुसऱ्या दिवसापासून स्की. दारू नको, पाणी भरपूर. बीपीसाठी निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि गोंडोलाने माथ्यावर पहिल्याच दिवशी नेऊ नका. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा बसल्याजागी धाप असेल तर वाट न बघता खाली उतरायचं, बिशप ४,१५० फुटांवर आहे, गाडीने पाऊण तास. त्यांच्यासाठी मोनो लेकचे तुफा (चुनखडीचे सुळके), कॉन्विक्ट लेक, हॉट क्रीक (बघायचा, पाण्यात उतरायचं नाही) आहे. डेव्हिल्स पोस्टपाइलचा रस्ता सहसा जूनमध्ये उघडतो, तो बेतात धरू नका.

उतरणकर
आता पैशांचं. आज फक्त राहण्याची जागा घ्या, पूर्ण परतावा मिळणारी, आणि रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. स्वैपाकघर असेल तर उत्तम. जागा घेताना लक्षात घ्या की मेअखेरीस मॅमथचे बाकीचे पायथे, कॅनियन आणि ईगल लॉज, बहुधा बंद असतात, सगळे मेन लॉजवरूनच स्की करतात. कॅनियन बंद म्हणजे गावातून कॅनियनला जाणाऱ्या व्हिलेज गोंडोलाचाही उपयोग नाही, तिच्या शेजारच्या जागेला जास्त भाडं मोजू नका. गाडीने १५ मिनिटं, पण पार्किंग भरतं.

रद्द करायच्या तारखेच्या दोन दिवस आधी किती लिफ्ट चालू आहेत ते बघा. चेअर ११ बंद असेल तर रद्द करून ३९५ ची नुसती सहल करा, किंवा सगळे दिवस मुलीसाठी एक मोठा माणूस आणि मुलासाठी एक असं वाटून घ्या. लिफ्टची तिकिटं तीन दिवस आधी. फार आधी घेऊन वाचतं त्यापेक्षा एक ढगाळ रात्र महाग पडते. पुढच्या मोसमाचा पास घ्यायचाच असेल तर उरलेला वसंत त्यात मिळतो का आणि कुठल्या डोंगरांवर, हे वाचूनच आत्ता घ्या.

फ्रीमाँटकर
चेअर ११ बद्दल उद्याच फोन करतो. शेवटचा प्रश्न: मेमध्ये टायरच्या चेन्स (बर्फावर घसरू नये म्हणून) न्यायच्या?

घाटवाट
हो, डिकीत पडल्या तर पडल्या. टायरच्या कडेवरचा आकडा बघून त्याच मापाच्या घ्या आणि घरी अंगणात एकदा लावून बघा. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साखळीऐवजी केबल चेन्सच चालतात असं लिहिलेलं असतं, ते पान आधी वाचा. दुकान न वापरलेल्या परत घेतं का ते पावतीवर तपासा.