गोळी आणि समुपदेशन, दोन्ही हवं

ब्युप्रेनॉर्फिन ही गर्दचं (हेरॉइनचं) व्यसन सोडवण्यासाठी दिली जाणारी गोळी. "ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणं" असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. गर्द मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे नशेला प्रतिसाद देणाऱ्या जागांवर, काम करते, तिथेच ही गोळी बसते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. त्यामुळे तलफ, अंगदुखी, जुलाब आटोक्यात येतात. तेव्हा कुठे माणूस समुपदेशकासमोर स्थिर बसतो आणि जुने मित्र, हातात पैसे आल्यावरची घालमेल, घरची भांडणं यांवर बोलू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच हे औषध अत्यावश्यक यादीत घेतलं.

मात्र समुपदेशनाला आला नाही म्हणून कुणाची गोळी तोडू नका, ही कळकळीची विनंती. खंड पडल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि पुन्हा पूर्वीइतकीच गर्द घेतली तर जीव जाऊ शकतो.