प्रति: सोवेटोचं फुकट पाणी

वर म्हटलंय की जोहान्सबर्गमध्ये २०१७ पर्यंत दर घराला महिन्याला ६,००० लिटर पाणी फुकट मिळायचं, मग सोवेटोवाल्यांची, म्हणजे शहरातल्या काळ्यांच्या जुन्या वस्तीतल्या लोकांची, तक्रार कसली होती? आकडा बरोबर, पण हिशेब बघा: माणशी रोज २५ लिटर, आठ माणसं, तीस दिवस. आणि कोटा मिळायचा खातेदाराला. तिथे एका खात्यावर चाळीसेक चौरस मीटरचं जुनं सरकारी घर असतं आणि मागच्या अंगणात भाडेकरूंच्या पत्र्याच्या खोल्या. १९६० च्या दशकाअखेरीपासून सरकारने शहरांत काळ्यांसाठी घरं बांधणं जवळपास थांबवलं, त्यामुळे वाढलेली कुटुंबं अंगणातच सरकली. एका मीटरवर सोळा माणसं असली की वाट्याला साडेबारा लिटर. जुन्या संडासाच्या टाकीतून एका फ्लशलाच दहाएक लिटर जातं! मग अंघोळ, धुणं कशात करायचं?

पालिकेचंही अगदीच खोटं नव्हतं. वापर न मोजता ठोक आकारणी व्हायची घरटी महिन्याला २०,००० लिटरची, प्रत्यक्षात पाणी जायचं ६७,००० च्या आसपास. गंजलेले पाइप आणि गळके नळ. पण उपाय म्हणून २००४ पासून सोवेटोतल्या फिरी भागात प्रीपेड मीटर बसवले. कोटा संपला, पैसे भरले नाहीत, की नळ तिथल्या तिथे बंद. गोऱ्यांच्या जुन्या उपनगरांत मात्र आधी वापर, मग बिल, थकलं तर नोटीस. फिरीच्या रहिवाशांनी पालिकेवर भरलेल्या मझिबुको खटल्यात हायकोर्टाने २००८ मध्ये माणशी रोज ५० लिटर द्यायला सांगितलं, अपिलात त्याचे ४२ झाले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये संविधान न्यायालयाने दोन्ही निकाल फिरवून मीटरही वैध ठरवले.