खेळ सुरू केल्यावर वीस मिनिटांत संगणक तापतो आणि चित्र अडखळू लागते

कासारवडवलीकर (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या मुलाने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून २०२२ साली डेस्कटॉप संगणक जुळवून घेतला. त्यात इंटेल कोअर आय५-१२४००एफ हा प्रोसेसर आणि त्याच्याच खोक्यात आलेला कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंख्याचा भाग), १६ जीबी रॅम, एनव्हीडियाचे आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आहे. मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रे दाखवणारा आहे. नौपाड्यातील जुन्या घरी या यंत्राने कधीच तक्रारीला जागा दिली नाही. यंदा जानेवारीत आम्ही घोडबंदर रस्त्याकडील नव्या घरी राहायला आलो आणि त्यानंतर महिन्याभरातच त्रास सुरू झाला. उन्हाळा लागल्यापासून तो फारच वाढला आहे.

खेळ सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे सेकंदाला ८० च्या आसपास फ्रेम (चित्रे) मिळतात. मग त्या एकाएकी ३५-४० वर येतात, खेळातली मोटार वळवताना चित्र क्षणभर थिजते आणि पंख्याची घरघर बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येते. खेळ बंद करून अर्धा तास थांबले की पुन्हा काही वेळ सगळे सुरळीत चालते. एका दुकानात दाखवले असता यंत्र न उघडताच ग्राफिक्स कार्ड संपले असून नवे घ्यावे लागेल, असे सांगण्यात आले. मुलाची ती ऐपत नाही, आणि कारण कळल्याशिवाय मीही पैसे घालू इच्छित नाही. तपासणी नेमकी कुठून सुरू करावी?

नेरुळकर यांचे उत्तर

कार्ड मुळीच घेऊ नका. विश्रांतीनंतर पूर्ववत चालणारे कार्ड सहसा संपलेले नसते. तापमान मर्यादेला टेकले की प्रोसेसर किंवा कार्ड स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपला वेग उतरवते, आणि तुम्ही वर्णन केलेली लक्षणे तशीच आहेत. प्रश्न एवढाच आहे की दोघांपैकी वेग कोण उतरवत आहे, आणि ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

एचडब्ल्यूइन्फो आणि एमएसआय आफ्टरबर्नर हे दोन्ही प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. ते चालू ठेवून अर्धा तास खेळू द्या आणि चार आकडे टिपा: प्रोसेसरचे तापमान, त्याची गिगाहर्ट्झमधील गती, कार्डाचे तापमान आणि कार्ड किती टक्के कामात आहे तो आकडा. या शेवटच्या आकड्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, पण खरा उलगडा त्यातूनच होतो. फ्रेम घसरल्यावरही कार्ड ९५ टक्क्यांच्या वर राबत असेल आणि त्याची स्वतःची गती उतरलेली असेल, तर कार्डाकडे पाहावे लागेल. याउलट कार्ड ५०-६० टक्क्यांवर येऊन रेंगाळत असेल, तर त्याला काम पुरवणारा प्रोसेसरच मागे पडतो आहे असे समजा. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे आणि एनव्हीडियाने या कार्डासाठी दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे.

शिवाय कॅबिनेट (संगणकाची पेटी) घरात नेमका कुठे ठेवला आहे, तेही कळवा.

कासारवडवलीकर

आपण सांगितल्याप्रमाणे काल दुपारी आकडे घेतले. खोलीत एसी नाही आणि तापमान ३४ अंश होते. काहीही चालू नसताना प्रोसेसर ६३ अंशांवर होता. खेळ सुरू होताच दहा-बारा सेकंदांत तो ९० च्या पुढे गेला, पण त्या वेळी गती ४ गिगाहर्ट्झच होती. अठराव्या मिनिटाला तापमान १०० झाले, गती २ च्याही खाली आली आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग उतरवल्याच्या) ओळीसमोर ‘येस’ दिसू लागले. त्याच क्षणी कार्डाचे काम ९६ टक्क्यांवरून ५४ वर घसरले. कार्ड स्वतः कधीच ७९ अंशांच्या वर गेले नाही.

नव्या घरी संगणकाचे टेबल नवीन घेतले. कॅबिनेट त्याच्या खालच्या कप्प्यात असतो. कप्प्याला पुढे दार आहे आणि मागे वायरींपुरते भोक असलेली फळी आहे.

ऐरोलीकर यांचे उत्तर

तुमचे आकडे बोलके आहेत. माझ्या मते येथे एक नव्हे, दोन दुखणी आहेत, आणि ती वेगवेगळी ओळखता येतात.

तापमान दहा सेकंदांत उसळते तेव्हा दोष कॅबिनेटमधील हवेचा नसतो, कारण हवा इतक्या लवकर तापत नाही. तिथे प्रोसेसर आणि त्यावरील कूलर यांचा एकमेकांना नीट स्पर्शच होत नसतो. पुढची अठरा मिनिटे तापमान हळूहळू चढत जाते, ते मात्र कप्प्यात कोंडलेल्या हवेमुळे. केवळ ३४ अंशांच्या खोलीत रिकामा प्रोसेसर ६३ वर असणे हेही पहिल्या दुखण्याकडेच बोट दाखवते.

घर बदलताना संगणक टेम्पोतून नेला असणार. या कूलरला स्क्रू नसतात. चार कोपऱ्यांना प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात आणि त्या मदरबोर्डच्या भोकांत दाबून बसवलेल्या असतात. खड्ड्यांतून जाताना एखादी अर्धवट बसलेली खुंटी सुटते, कूलर एका बाजूने किंचित उचलला जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही. प्लग काढून दोन्ही बाजूंची पाने उघडा आणि बोट लावून प्रत्येक कोपरा हलतो का ते पाहा. तुमच्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डमागे खिडकी असेल तर तिथूनही तपासता येते: नीट बसलेल्या खुंटीचे दोन पाय भोकाच्या पलीकडे फाकलेले असतात.

सैल खुंटी आढळली तरी ती नुसती दाबून मोकळे होऊ नका, कारण प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट असते, आणि एकदा हवा शिरलेली पेस्ट पुन्हा सारखी पसरत नाही. कूलर काढून दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी लहान अशी थर्मल पेस्ट ठेवा. खुंटी काढताना तिचे डोके बाणाच्या दिशेने फिरवतात. बसवण्याआधी ते बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणावे लागते, नाहीतर ती वरवर बसल्यासारखी वाटते पण धरत नाही. समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांवरील दोन खुंट्या आधी दाबा, मग उरलेल्या दोन, आणि प्रत्येकीचा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत थांबू नका.

पाचपाखाडीकर यांचे उत्तर

ऐरोलीकरांशी पूर्ण सहमत आहे, फक्त कप्प्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडच्या टेबलांत ही चूक घरोघरी दिसते. प्रोसेसर, १७० वॉटचे कार्ड आणि बाकीचे भाग मिळून खेळताना साधारण ३०० वॉट उष्णता बाहेर टाकतात. दार लावलेल्या कप्प्यात तीच गरम हवा पुढच्या पंख्यांतून परत आत ओढली जाते. कूलर आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. ती दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढ्यानेच तापतो.

बाजूचे पान काढून टेबलफॅन लावणे हा उपाय मी फक्त चाचणीसाठी सुचवेन. कायमचे उघडे ठेवू नका. मेट्रोच्या कामाची आणि नव्या इमारतींची धूळ तुमच्या भागात इतकी आहे की महिन्याभरात कूलरच्या पात्यांमध्ये गालिचा तयार होईल. साफ करताना मऊ ब्रश वापरा आणि ब्लोअर मारायचा असेल तर पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोतात तो भरधाव फिरला तर त्याच्या बेअरिंगला इजा होते.

मॉनिटर ७५ हर्ट्झचा असल्याने फ्रेमची मर्यादाही ७५ वर बांधून टाका. त्याहून अधिक फ्रेम पडद्यावर पूर्ण दिसत नाहीत, उष्णता मात्र वाढते.

कासारवडवलीकर

रविवारी मी आणि मुलाने मिळून यंत्र उघडले. खालची उजवी खुंटी बोट लावताच हलली. कूलर काढल्यावर पेस्टचा ठसा एका बाजूला कागदासारखा पातळ होता आणि सैल कोपऱ्याकडे जाड, कोरडा, खडूसारखा भुसभुशीत होता. ते पाहून मुलगा बराच वेळ काही बोललाच नाही, कारण गेले दोन महिने तो आपल्या कार्डालाच दोष देत होता.

पेस्ट नवी घातली, चारही टकटक ऐकले आणि कॅबिनेट कप्प्याबाहेर काढला. काल ३३ अंशांच्या खोलीत रिकामा प्रोसेसर ४२ अंशांवर होता. दीड तास खेळल्यावर तो ७४ वर स्थिरावला आणि गती एकदाही ४ गिगाहर्ट्झच्या खाली आली नाही. फ्रेम ७५ वर बांधल्या आहेत आणि तिथेच राहतात. पॉवर सप्लाय खालून हवा घेतो हे उघडल्यावर लक्षात आले, म्हणून कॅबिनेट सध्या जमिनीवर न ठेवता देवघरातल्या जुन्या पाटाखाली दोन विटा देऊन त्यावर ठेवला आहे. हवेची भोके पाटाने झाकली जाऊ नयेत म्हणून कॅबिनेटचा मागचा भाग पाटाच्या चार इंच बाहेर ठेवला आहे. कप्प्याची मागची फळी कापून द्यायला सुतार गुरुवारी येतो आहे. आपणा तिघांचे मनापासून आभार.