जखमी सैनिकावर उपचार केल्याने रुग्णालयाचे संरक्षण जाते का?

शुश्रूषा :
मी परिचारिका आहे आणि संघर्षग्रस्त भागात काम करणाऱ्या एखाद्या वैद्यकीय संस्थेत रुजू होण्याचा विचार करते आहे. रुग्णालयावर हल्ला झाला की ‘तेथे शत्रूचे लोक होते’ असा खुलासा पाठोपाठ येतो. नागरिकांसाठी चालवलेल्या रुग्णालयात जखमी सैनिक किंवा सशस्त्र गटातील माणूस आणला गेला आणि त्याच्यावर उपचार केले, तर त्या रुग्णालयाचे कायदेशीर संरक्षण जाते का? तसे असेल तर इतर रुग्णांच्या हितासाठी त्याला दारातूनच परत पाठवावे का? शिवाय रुग्णालयाचे नेमके स्थान लढणाऱ्या पक्षांना कळवणे शहाणपणाचे की ते गुप्त ठेवणे?

कलम_अठरा :
पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे : संरक्षण जात नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या १८व्या कलमाने नागरी रुग्णालयांवरील हल्ल्यास मनाई केली आहे, आणि हे संरक्षण केव्हा संपते ते १९व्या कलमात सांगितले आहे. रुग्णालयाचा उपयोग शत्रूला अपाय करण्यासाठी झाला, उदाहरणार्थ छपरावरून मारा केला किंवा तळघरात दारूगोळा साठवला, तरच ते संपते. तेव्हाही आधी इशारा द्यावा लागतो, शक्य असेल तेथे वाजवी मुदत द्यावी लागते आणि तो इशारा मानला गेला नाही तरच पुढची पायरी येते. त्याच कलमात असेही नमूद आहे की जखमी वा आजारी सैनिकांची तेथे शुश्रूषा होत असणे, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली आणि अद्याप कोणाकडे न सोपवलेली लहान शस्त्रे तेथे असणे, हे अपायकारक कृत्य मानले जाणार नाही. आपण म्हणता तो खुलासा कधीतरी पुढे केला जाईल, हे मसुदा लिहिणाऱ्यांना ठाऊकच असावे.

देशांतर्गत संघर्षात चारही जिनिव्हा करारांना समान असलेले तिसरे कलम जखमींची शुश्रूषा बंधनकारक करते. या करारांना जोडलेला १९७७ चा दुसरा पूरक करार (प्रोटोकॉल) त्यापुढे जाऊन सांगतो की वैद्यकीय नीतीला धरून केलेल्या उपचारांबद्दल, त्यांचा लाभ कोणालाही झाला तरी, कोणाला शिक्षा करता येत नाही. प्रत्यक्षात मात्र देशाचे स्वतःचे कायदे आड येऊ शकतात. सीरियात २०१२ मध्ये झालेल्या दहशतवादविरोधी कायद्यांमुळे विरोधकांच्या जखमींवर उपचार करणे व्यवहारात गुन्हाच ठरले होते.

दुसरी_पाळी :
दारातून परत पाठवण्याचा विचार कृपया मनातून काढून टाकावा. चांगल्या संस्थांचा नियम एवढाच असतो की शस्त्र आत येणार नाही. ते फाटकावर ठेवायचे, मग माणूस कोणत्या पक्षाचा आहे हे न विचारता केवळ प्रकृतीच्या गांभीर्यावरून क्रम लावायचा. एकदा आपण ‘कोणाच्या बाजूचा’ असे विचारू लागलो की तोच प्रश्न विचारण्याचा हक्क बाहेरचा शस्त्रधारीही मागतो, आणि संशयाच्या भीतीने परिसरातील तरुण नागरिक रुग्णालयाकडे फिरकेनासे होतात.

स्थान कळवण्याबाबत मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. अफगाणिस्तानातील कुंदुझ येथे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेच्या रुग्णालयाचे जीपीएस स्थान आधीच कळवलेले होते, तरीही ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकी विमानाने त्यावर हल्ला केला आणि ४२ माणसे मेली. हल्ला चालू असताना संस्थेचे लोक सैनिकी अधिकाऱ्यांना दूरध्वनी करत होते. सीरियात तर संयुक्त राष्ट्रांमार्फत स्थान कळवलेल्या काही ठिकाणांवरही हल्ले झाले आणि अनेक डॉक्टरांनी तळघरांत व गुहांत रुग्णालये हलवली.

शुश्रूषा :
मग कळवण्याचा उपयोग तरी काय?

दुसरी_पाळी :
चुकून होणारा हल्ला टळण्याची शक्यता वाढते, आणि झालाच तर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. जाणूनबुजून होणारा हल्ला त्याने थांबत नाही. म्हणून पक्ष कोणता आणि त्याचे आजवरचे वर्तन कसे, हे पाहून तेथील प्रमुखाने प्रत्येक वेळी नव्याने ठरवायचे असते.

शीतसाखळी :
चर्चा हल्ल्यांभोवतीच फिरते आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. आपण परिचारिका आहात. बहुतेक ठिकाणी आपला वेळ गोळीच्या जखमांपेक्षा ताप, जुलाब, बाळंतपणे आणि कुपोषित मुले यांतच अधिक जाईल. काँगोच्या युद्धकाळातील पाहण्यांत बहुसंख्य मृत्यू हिंसेने नव्हे, तर मलेरिया, अतिसार, न्यूमोनिया आणि कुपोषण यांनी झाल्याचे आढळले. येमेनमध्ये इंधनाअभावी पाण्याचे आणि सांडपाण्याचे पंप बंद पडले, आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ अखेर कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली. तेथे शस्त्रक्रियागृहापेक्षा जलसंजीवनी, क्लोरीन आणि शिरेतून द्यायचे सलाइन यांनी अधिक जीव वाचतात.

लसीकरणासाठी लढाई थांबवता येते, हेही लक्षात असू द्यावे. एल साल्वादोरमध्ये १९८५ साली मुलांच्या लसीकरणासाठी दोन्ही बाजूंनी ठरावीक दिवस शस्त्रे खाली ठेवली होती, आणि २०२४ मध्ये गाझात पोलिओच्या लसीसाठी विभागवार विराम मिळाला. अशा वेळी २ ते ८ अंश तापमानात लस टिकवणारी माणसे तयार नसतील, तर मिळालेले तास वाया जातात.

जाण्यापूर्वी दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखण्याचा सराव करावा; सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण असते. आणि मुलाखतीत संस्थेला एक गोष्ट अवश्य विचारावी : परिस्थिती बिघडल्यास माघारीचा निर्णय कोण घेते, आणि त्यात स्थानिक कर्मचाऱ्यांची सोय काय केलेली असते?